आठची उपासना

माझ्या थोरल्या जाऊबाई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात नऊ वर्षं ओल्या खोलीत राबतायत, आणि का राबतायत हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं. पण गैरसोयीचं असलं की माणसं माहीत असलेलंही विसरतात.

ओली खोली म्हणजे वॉर्डातल्या घाण चादरी आधी जिथे येतात ती. पायाखाली कायम पाणी, आणि सोड्याने हातांची सालं निघतात. पूर्वी त्या इस्त्रीच्या खोलीत होत्या, कोरड्यात, आणि तिथल्या मुख्य होणार होत्या. पण मुख्य बाईला रविवारी सकाळी यावंच लागतं. जाऊबाई म्हणाल्या, रविवारी सकाळी आठला आमची उपासना असते. सुपरवायझर म्हणाला, "मग जा ओल्या खोलीत. तिथे रविवारी दोन ते दहाची पाळी आहे." त्याला वाटलं, बाई दोन दिवसांत नाक मुठीत धरून परत येईल. बाई गेल्या त्या गेल्याच.

मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. मी घरात बसून शिवणकाम करते, तोंडाने फटकळ आहे, आणि देवावर माझा विश्वास असला तरी सोड्यात हात घालण्याइतका नाही. मी त्यांना तोंडावर विचारलं होतं, "ताई, देव काय संध्याकाळी ऐकत नाही का?"

"तो कधीही ऐकतो गं," त्या म्हणाल्या. "पण मंडळी आठला जमते. मला सगळ्यांबरोबर गायचंय."

या एका वाक्यावर पाळकसाहेबांनी किती प्रवचनं काढली, त्याला गणती नाही. विश्वासासाठी सोसणं म्हणजे काय, तर तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसलेल्या भगिनीचे हात पाहा. मग सगळे मान वळवून हात पाहायचे, आणि जाऊबाई हात पदराखाली घ्यायच्या. फुकटात शौर्य बघायला कोणाचं काय जातं?

मग यंदा चर्चच्या सेक्रेटरींनी उपासनेनंतर ठराव मांडला. सेक्रेटरींचं चष्म्याचं दुकान आहे आणि आठच्या उपासनेत पहिली जांभई नेहमी त्यांचीच असते. ते म्हणाले, तरुणांना सकाळी उठणं जड जातं, तेव्हा उपासना संध्याकाळी पाचला घेऊ. तरुण बिचारे सकाळीही येत नव्हते आणि संध्याकाळीही येणार नव्हते, पण नाव त्यांचं. भराभर हात वर झाले. माझाही झाला. रविवारी दोन तास जास्त झोपायला मिळणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात जाऊबाई उठून म्हणाल्या, "पाचला मी कामावर असते."

"प्रभू मार्ग काढील, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

असलेला मार्ग यांनी बंद करायचा आणि नवा काढायचं काम प्रभूच्या गळ्यात. मला हे तेव्हाच कळलं, तरी वर केलेला हात मी खाली घेतला नाही. ठराव मंजूर झाला.

जाऊबाई सुपरवायझरकडे गेल्या. तो पोट धरून हसला. "नऊ वर्षं सकाळ पाहिजे म्हणून भांडलात, आता संध्याकाळ पाहिजे? तुमच्या देवाला एकदा नीट वेळ विचारून या." इस्त्रीच्या खोलीतली जागा कधीच भरली होती, आणि रविवारची संध्याकाळ मोकळी असेल अशी दुसरी जागा नव्हतीच. पुढच्या रविवारी आठला त्या सवयीने तयार झाल्या, चर्चच्या कुलपापर्यंत जाऊन आल्या आणि दोनला कामावर गेल्या.

सहावा रविवार असेल. प्रार्थनेच्या वेळी पाळकसाहेबांनी सांगितलं की तिसरा बाक रिकामा आहे, आपली एक भगिनी विश्वासात थंड पडली आहे, तिच्यासाठी कळकळीने मागू या. माणसांनी डोळे मिटले. कोणी तरी सुस्काराही टाकला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते असं. मी उभी राहिले.

"त्या थंड पडलेल्या नाहीत, चादरी धुतायत," मी म्हणाले. "सुपरवायझरला नऊ वर्षांत जे जमलं नाही ते आपण एका बैठकीत केलं. मीही हात वर केला होता. आता कळकळ कसली करता?"

कोणी डोळे उघडेना. शेवटी सेक्रेटरी खाकरून म्हणाले, भगिनीला घरी जाऊन धीर द्यायला हवा. ते स्वतः धरून चर्चचे चार वडीलजन जातील, पुढच्या रविवारी सकाळी बरोबर आठला, कारण त्या तेव्हाच घरी सापडतात. वेळ त्यांनी स्वतःच सुचवली, हसू मला आवरलं नाही.

तरी जाऊबाईंनी पहाटेच आमच्या एकत्र घराची बाहेरची खोली झाडली, पुसली. शेजारून दोन मागून सहा खुर्च्या गोल मांडल्या: चार त्यांच्या, दोन आमच्या. बायबल आणि गीतांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. आठ वाजले. आतल्या खोलीत माझा नवरा घोरत होता. जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

"थांबू या थोडं?" मी विचारलं.

"आठ वाजले," त्या म्हणाल्या, आणि गायला लागल्या.

माझा आवाज फाटका आहे. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते. पण चार रिकाम्या खुर्च्यांसमोर ओठ हलवण्यात काय अर्थ, म्हणून गायले. त्यांची सालं गेलेली बोटं पुस्तकाच्या ओळीवरून सरकत होती, मला जागा दाखवत. मला रडू आलं, स्वतःच्या त्या वर केलेल्या हाताचं. त्यांनी वाचन केलं, प्रार्थना केली. त्यात सेक्रेटरींचंही नाव घेतलं. मी घेतलं नसतं.

पावणेदहाला चौघे आले. सेक्रेटरींच्या गालावर उशीचा वळ होता. "जरा उशीर झाला, रविवार ना," ते म्हणाले. "चला बाई, तुमच्यासाठी प्रार्थना करू."

जाऊबाई दारात उभ्या होत्या, बाजूला सरल्या नाहीत.

"उपासना झाली," त्या म्हणाल्या. "आठला असते. पुढच्या रविवारी या."

मी त्यांच्या डोळ्यांदेखत चार खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या.