रद्द करण्याचे कारण

मुद्रितशोधकाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतः केली ती नेमकी छापील मजकुरातच. बुकिंग करताना हॉटेलच्या अटींचा कागद त्याने अथपासून इतिपर्यंत वाचला होता. सहा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, दोन स्वल्पविराम घातले. 'कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत' या वाक्यात त्याला एकही चूक सापडली नाही, म्हणून तो पुढे गेला. अर्थाकडे बघायची बिचाऱ्याला सवयच नव्हती.

समुद्राकाठची खोली, चार दिवस. लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर दोघं पहिल्यांदाच कुठेतरी निघाली होती. बारा दिवस उरले असताना बायको पडदे काढायला स्टुलावर चढली आणि घोटा मोडून बसली. त्याने त्याच संध्याकाळी बुकिंग रद्द केलं. हॉटेलवाल्याने अटीवर बोट ठेवलं आणि हात वर केले.

पैसे गेल्याचं दुःख होतंच, नाही कसं? पण त्याहून त्याला छळत होतं ते बायकोचं बोलणं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती दिवसातून चारदा म्हणायची, "माझ्यापायी बुडाले." त्याने थट्टा करून पाहिली, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. पैसे परत आले तरच ही गप्प बसेल, असं ठरवून तो ग्राहक तक्रार केंद्रात गेला.

तिथल्या सल्लागार बाईंनी कागद पाहिले. "काका, अट छापली म्हणजे ती न्याय्य झाली असं नाही. तुम्ही बारा दिवस आधी कळवलंत. त्यांनी तीच खोली दुसऱ्याला दिली असेल, तर दोघांचेही पैसे कसे खिशात घालतील? आपण भांडू." मग त्याने भरून आणलेल्या तक्रार अर्जापाशी बाई अडल्या. 'रद्द करण्याचे कारण' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'माझा विचार बदलला.'

"हे काय? काकूंचा पाय मोडला म्हणालात ना? तेच लिहा, डॉक्टरांचा दाखला जोडा. काम सोपं होईल."

"ते नको."

"का?"

"बुकिंग दोघांच्या नावावर आहे. तिची सही लागणार, म्हणजे ती वाचणार." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "कारण म्हणून तिला नाही लिहायचं मला."

बाईंनी आग्रह केला नाही. सही घेऊन या, एवढंच म्हणाल्या.

घरी बायकोने चष्मा लावून अर्ज वाचला. त्या रकान्यापाशी थांबली.

"तुमचा विचार बदलला? कधी?"

"बदलला असाच."

"अहो, मी पडले तेव्हा मला खुर्चीत बसवून तुम्ही माझी चप्पल शोधत बसला होतात. तुमचं डोकं तरी ठिकाणावर होतं का विचार बदलायला?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. खोटं रेटून न्यायची अक्कल त्याला कधीच नव्हती. बायकोला सगळं कळलं. तिने चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला आणि लावला.

"पेन द्या इकडे."

त्याचं वाक्य खोडून तिने खाली सावकाश लिहिलं: 'माझा पाय मोडला. यांना एकट्याने जाता आलं असतं. हे गेले नाहीत.'

मग सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"दाखला जोडा. आणि पैसे सोडायचे नाहीत हं," ती म्हणाली, "आपल्याला जायचंय."