कानातलं की कानावरचं

रबराची ती टोपी तिच्या तळहातावर होती — करडी, मऊ, मधोमध भोक असलेली, औषधाच्या बाटलीचं बूच असावं तशी. बोटानं दाबली की चपटी व्हायची आणि सोडली की हळूहळू, कुणाची परवानगी घेतल्यासारखी, पुन्हा फुगायची. हे कानात कोंबायचं. आणि मग म्हणे गाणं.

"ही मधली टोपी आहे आजी. घट्ट वाटली तर लहान देते," हेडफोनच्या दुकानातली काउंटरमागची बाई म्हणाली. तिच्या भांगात रंग उतरून पांढरं दिसत होतं, आणि ती आजी म्हणत होती.

"आजी कुणाला म्हणतेस? केस तूही रंगवतेस, मीही रंगवते. माझा रंग जरा जास्त टिकतो, इतकंच."

बाई मोठ्यानं हसली. नवरा हसला नाही. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसा तो मांडीवर पिशवी घेऊन स्टुलावर बसला होता. "कानातलंच दे," तो बाईला म्हणाला. "कानावरचं नको."

कानावर नको... तेच शब्द. काल दुपारी बाल्कनीत, दाराकडे पाठ करून, तो लेकीशी फोनवर बोलत होता, आणि ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती — घालत नव्हती, हातातला टॉवेल तसाच धरून उभी होती. "मी एकटा येतो —" तो म्हणाला, आणि खाली कुठल्या मेल्या गाडीनं हॉर्न वाजवला. हॉर्न थांबला तेव्हा तो म्हणत होता, "सामान फार नाही." मग बराच वेळ नुसतं हं, हं. आणि मग आवाज खाली आणून, "नाही नाही, आईच्या कानावर नको. तिला कानातलं घेतो."

एकटा येतो आधी? एकटा येतो चार दिवस? एकटा येतो कायमचा? हॉर्नच्या पोटात एक शब्द गेला होता आणि त्या शब्दात ती राहणार होती की टाकली जाणार होती ते होतं. लेकीकडे एक खोली रिकामी आहे हे तिला माहीत होतं. त्या खोलीत एकच पलंग मावतो हेही माहीत होतं.

आणि तरी — किती हलकं असावं माणसानं — क्षणभर तिचा हात कानाच्या पाळीकडे गेला होता. लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, कानातलं घेऊ तुला, लाल खड्याचं. पाळीचं भोक वाट बघून बघून बुजत आलं. सकाळी चहाच्या वेळी त्यानं वर न बघता सांगितलं, "चल, ते गाण्याचं कानातलं घेऊन टाकू. तुझ्या त्या फोनमधल्या रडगाण्यांनी डोकं उठतं माझं." म्हणजे लाल खडा नव्हे. रबर.

मग 'कानावर नको' म्हणजे काय? कानावर बसणारं मोठं यंत्र नको, आतलं घेऊ? का ही गोष्ट तिच्या कानावर नको, एवढ्यात? एका अर्थानं मी संशयी म्हातारी. दुसऱ्या अर्थानं मी टाकलेली बाई. विचारलं असतं तर तो कानावर हात ठेवून मोकळा झाला असता. त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"तुम्ही आधी कानावरचं घालून बघा," बाई म्हणाली. "नंतर ठरवा. बाकीची बंद पाठीची असतात, हे मोकळ्या पाठीचं आहे."

"मोकळ्या पाठीचं म्हणजे?"

"म्हणजे बाहेरून जाळी. त्यामुळे गाणं कोंदत नाही. पण बाहेरचं आत येतं आणि आतलं बाहेर जातं, हे आधीच सांगते. नंतर भांडायला येऊ नका."

नवरा म्हणाला, "मग काय उपयोग!"

त्याचं ते 'काय उपयोग' तिनं नीट ऐकलं, आणि जाळीचं ते धूड मुद्दाम दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर चढवलं. चष्म्याच्या काड्या कानाला टोचल्या. गाणं सुरू झालं आणि तिला वाटलं, समोरची भिंत कुणीतरी मागे ढकलली. वादक एकेक जण आपापल्या जागी बसलेले. गाणारी मधे, जरा लांब, अंगणात बसावी तशी. चांगलं होतं. खोटं का बोलावं, फार चांगलं होतं. पण ती गाणं ऐकत नव्हती. गाण्याच्या मागून, जाळीतून, नवऱ्याचा आवाज येत होता.

"...खूप तिखट कान आहेत तिचे. एक्स्चेंजात होती ना. भिंतीपलीकडची सुई पडलेली ऐकते आणि ती कुणी पाडली ते सांगते."

बाई हसली.

"आणि घरात एकटं माणूस असलं की —" गाण्यातला तबला चढला "— बरं असतं गाणं."

एकटं माणूस. कोण एकटं माणूस?

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डाव्या कानावर लाईन असायची आणि उजवा कान उघडा ठेवायचा. तसा नियम नव्हता, पण सगळ्या जणी ठेवायच्या, कारण मागून सुपरवायझर बाई यायची, जिला त्या घार म्हणत, आणि घारीच्या चपला वेळेवर ऐकू आल्या नाहीत तर मानगूट धरलीच. डाव्या कानात लोक भांडत, रडत, सोयरिकी मोडत, मेल्याची बातमी देत. उजव्या कानात चपला. लोकांच्या संसाराचे दोन्ही अर्धे तिच्या डाव्या कानात येऊन जुळायचे, आणि ती बोर्डातला एक दोर काढून पुढचा दोर खुपसायची... घरी आल्यावर डावा कान रिकामा आणि उजव्या कानाला नवरा. त्याची किल्ली कुलपात कशी फिरली यावरून कळायचं, आज बोलायचं की नाही. खोकला, पेपर दुमडण्याचा आवाज, ताट सरकवण्याचा आवाज. चपलाच त्या. ह्या माणसाचं दुसरं टोक मला कधी ऐकू आलं? कुणाशी बोलत होता हा आतल्या आत, इतकी वर्षं? मला तर बाल्कनीतली पाठच ऐकू येत राहिली.

"कसं वाटतं?" त्यानं खुणेनं विचारलं.

"तुमचा आवाज फार स्वच्छ येतो," ती म्हणाली.

तो स्टुलावर जरा सावरून बसला. बरं वाटलं तिला. अगदी लख्ख बरं वाटलं, ठेच लागलेल्या माणसाकडे बघून वाटावं तसं. हेच घ्यायचं. हे घालून, गाणं न लावता, घरभर फिरायचं. डोळे मिटून मान हलवायची आणि त्याचं एकेक अक्षर वेचायचं. बोल म्हणावं बाल्कनीत, किती बोलतोस ते.

"आता हे," बाईनं करड्या टोपीची ती दोन बोंडं पुढे केली. "एकदा ऐका, मग ते बांधते."

तिनं ती कानात पिळून बसवली आणि दुकान गेलं. पंखा गेला, रस्ता गेला. तिची स्वतःची लाळ गिळल्याचा आवाज तेवढा, विहिरीत काही पडावं तसा. मग तेच गाणं. पण आता गाणारी अंगणात नव्हती, कपाळाच्या आत होती. सूर लावण्याआधी तिनं श्वास घेतला तो ऐकू आला. ओठ सुटल्याचा बारीक आवाज ऐकू आला. तारेवरून बोट घसरलं, कुणाचं तरी आसन करकरलं. हे सगळं होतंच की ह्या गाण्यात, तीस वर्षं ऐकलं मी हे, भांडी घासताना, एका कानानं...

नवरा बाईशी बोलत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाईनं तिच्याकडे एकदा बघितलं, मग त्याच्याकडे, आणि मान हलवली. काय सांगितलं त्यानं? तिचा हात वर गेला, उजव्या कानाकडे, सवयीनं. गाणारीनं पुन्हा श्वास घेतला. हात तिथेच राहिला, मग खाली आला.

काय ऐकणार आहेस? पुन्हा अर्धंच. पुन्हा कुठला तरी हॉर्न, कुठला तरी तबला. जाळीतून जन्मभर वेचलंस तरी अर्धंच.

"कानातलं," ती म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा फार मोठ्यानं म्हणाली असावी, कारण दारातला माणूस वळला. नवऱ्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं, आणि ते तिनं नीट बघून ठेवलं.

परतताना रिक्षात तिनं ती बोंडं काढली नाहीत. घरी आल्यावर काढली नाहीत. चहा ठेवला, आधण उकळून उतू गेलं तेव्हा वासानं कळलं. तो आधी खूश होता. बाल्कनीत गेला, फोनवर बोलला, हातवारे करून, पाठ न फिरवता. ती बघत बसली, आवाज नसलेल्या माणसाकडे, ज्याचा आता मनापासून तिरस्कार करता येत होता, कारण मधे ऐकायचं काही नव्हतं. मग तो आत आला. येरझारा घातल्या. टेबलावरची बशी सरळ केली, पुन्हा सरळ केली. त्याला कुणी ऐकत नव्हतं. चपला वाजवणाऱ्याला कान लागतो, हे तिला आज कळत होतं. घारीलासुद्धा लागत असेल.

तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि बोलला. ओठ मिटले, उघडले. तिनं मान हलवली नाही. त्यानं टेबलावर बोटानं टकटक केलं. टकटक तिच्या कोपरातून वर आली, कानातून नाही. आता त्याचे ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा करत होते. ऐक, असावा. किंवा, ये. दोन्हीला तोंड सारखंच फाकतं.

म्हणजे सांगणार. आता सांगणार, एकटा आधी की एकटा कायमचा. घाम आला होता त्याच्या वरच्या ओठावर. म्हातारा झालाय, तिला वाटलं, आणि वाटल्याचा राग आला. राहू दे त्याला तसंच. एक्स्चेंजातल्या सगळ्या जणींनी लोकांना तेच तर सांगितलं — लाईन लागत नाही, थांबा.

तिचा हात वर गेला. उजव्या कानाकडे नाही. उजवा त्याला पुष्कळ दिला. त्यात त्याच्या चपलाच आल्या. हात डाव्या कानाशी होता, जो फक्त लाईनीचा, जिथे दोन्ही टोकं येत, जो त्याला तिनं कधी दिलाच नव्हता, आणि त्यानंही मागितला नव्हता. बोंडाला बोट लागलं. रबर गरम होतं, अंगाइतकं. आत गाणारी श्वास घेत होती, आणि सूर लागायच्या आधीची ती जागा इतकी लांब आहे हे तिला माहीत नव्हतं.