इनासचं पान

आमच्या चर्चचे नवे वीगार फादर तिओतोन माणूस वाईट नाहीत, पण त्यांना गप्प बसता येत नाही. जुने वीगार वर्षभर नरकाच्या आगीवर बोलायचे. लोक घाबरायचे, घरी जायचे, मासळी तळायचे. कुणाच्या घरात त्यावरून भांडण झालं नाही. त्याआधी तर सगळं लॅटिनमध्ये चालायचं, म्हणजे आणखीच शांतता. हे आले आणि उपासाच्या दिवसांत वेदीपुढे उभे राहून आमच्या भाषेत स्वच्छ म्हणाले, नरक आहे, पण अमका माणूस तिथं गेला असं चर्चनं आजवर कुणाबद्दलही सांगितलेलं नाही. आशा सगळ्यांसाठी ठेवायची. अगदी सगळ्यांसाठी.

मी शाळेत सहीपुरती शिकले. पण 'सगळ्यांसाठी' म्हणजे कोण कोण हे मला कळतं. पुढच्या बाकावर माझा मुलगा आगुस्तीन बसला होता, त्याची वाकलेली मान एकदम सरळ झाली. तेव्हाच मी ओळखलं, ह्या फादरनं माझ्या घरात काडी टाकली.

आगुस्तीनचा बाप इनास. बोटीवर आचारी होता. पहिली काही वर्षं येत-जात राहिला, मग घरी यायचा बंद झाला, बोटीवरून उतरला की मोंबासालाच. तिथं दुसरी बाई केली, दुसरी चूल मांडली. इथं सासू अंथरुणाला खिळलेली, आगुस्तीन रांगता, आणि थोरली रोझालीन माझ्या पदराला धरून चालणारी. रोझालीनला ताप आला तेव्हा त्याची बोट नेमकी मुंबईच्या गोदीत लागली होती. तार केली. तार त्याला मिळाली, हे त्याच्याच बरोबरच्या खलाशांनी मला सांगितलं. तो आला नाही. पोर गेली, मातीत ठेवली, तरी आला नाही. बोट सुटली तसा तो पण सुटला. पुढं तिकडंच मेला, शेवटच्या वेळी पाद्री नाही, कबुली नाही, काही नाही. मी काळं नेसले नाही. गावानं तोंडाला पदर लावला, लावू दे.

आता ओलिंदाचं लग्न ठरलं. ओलिंदा आगुस्तीनची मुलगी, माझी एकुलती नात. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी भिकाऱ्यांना जेवण घालतात. गावातली गोरगरीब माणसं ओळीनं बसतात आणि घरातल्या एकेका मेलेल्याच्या नावानं एकेक पान मांडतात. पुर्गातोरात जे आत्मे आपला मळ जळायची वाट बघत असतात, त्यांच्या वाटचं हे जेवण. घरातली मोठी बाई भाताचा पहिला डाव वाढताना नाव सांगते. सगळी नावं सांगून होईस्तोवर कुणी घास उचलत नाही, आणि मांडलेलं पान परत उचलत नाहीत. माझी सासू सांगायची, बिननावाचं पान राहिलं तर ते घरातलं जिवंत माणूस मागतं. म्हणून मी पानं नेहमी स्वतः मांडते. सासरा, सासू, दीर, माझे आईबाप. रोझालीनचं पान मांडत नाही, बारशाचं पाणी लागलेली, पाप न कळणारी पोर, ती सरळ देवाकडे गेली. आणि इनासचं मी कधीच मांडलं नाही.

आगुस्तीन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. लग्नाच्या वयाची मुलगी आहे ह्याला, पण माझ्याशी बोलताना अजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरतो.

"मांय, ह्या वेळी बापायचं पण पान मांडू या."

"जिवंत होता तेव्हा त्याला माझ्या घरचं पान नको होतं. आता काय भूक लागली?"

"फादर म्हणाले..."

"फादरांचं लग्न झालंय?"

"मांय, तू कशालाही काहीही जोडतेस."

"मी जोडते. तुझा बाप तोडत होता. दोघांत काहीतरी फरक पाहिजे ना."

तो गेला. मला वाटलं, विषय मिटला. पण तो बापासारखा हट्टी आहे, फक्त आवाज नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी फादर तिओतोन स्वतः आले. मी दारापुढच्या बल्कांवात बसून चण्याची डाळ निवडत होते. ते समोरच्या बाकावर बसले, मी गोड दोदोल पुढे ठेवला. खाणारा माणूस आहे, नाही म्हणत नाही.

"सांतानमांय, आगुस्तीन आला होता माझ्याकडे."

"माझी चहाडी करायला."

"बापासाठी मागायला."

"एकच ना ते."

ते हसले. मला राग आला. राग काढावा असा माणूस समोर हसतो तेव्हा राग कुठं ठेवायचा?

"फादर, मला एक सांगा," मी म्हटलं. "मी पहाटे उठून मिसाला गेले, उपास धरले, सासूची घाण काढली, पोरगा वाढवला. त्यानं मन मानेल तसं केलं. शेवटी दोघं एकाच दारानं आत. मग मी काय येडी होते?"

"तुम्ही हे सगळं तिकिटासाठी केलंत का, मांय?"

"तिकिटासाठी नाही. पण तिकीट काढून मी उभी आणि फुकट्या खिडकीशी बसलेला, हे बघून कुणाच्या मस्तकात तिडीक जाणार नाही?"

"फुकट कुणीच जात नाही. आग आहेच. पण ती सोनाराची आग. जाळायला नाही, हीण काढायला."

"इनासमध्ये सोनं किती होतं ते मला विचारा. सगळं हीण काढलं तर सोनाराच्या हातात काही राहायचं नाही."

"तेवढं थोडं देवाला पुरत असेल."

ह्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, आणि ते उत्तर खोटंही नसतं. हाच तर वैताग. खोटं असतं तर तिथंच पकडलं असतं.

मग ते आवाज खाली करून म्हणाले, "मांय, खरं काय खटकतंय? तो तरला, एवढंच?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. तो तरला म्हणजे तो रोझालीनजवळ पोचला. माझ्या आधी पोचला. जो तिला शेवटचं बघायला गोदीतून इथवर आला नाही, तो तिथं तिचा बाप म्हणून बसणार, आणि मी इथं डाळ निवडणार. हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "दोदोल घ्या, चांगला झालाय."

जेवणाच्या दिवशी मी पानं मांडली आणि आत वण ढवळायला गेले. ते गूळ-नारळाचं गोड खाली लागलं तर सगळं घर वास मारतं. कढी, भात, खतखतं, सगळं माझ्या नजरेखाली झालं. माणसं ओळीनं बसली. ओलिंदा दारात उभी, केसांत आबोली. फादरांना प्रार्थनेला मीच बोलावलं होतं. मी भाताचं भांडं घेऊन बाहेर आले, एकेका पानावर डाव ठेवत नावं सांगत गेले आणि शेवटाला थांबले. ओळीत एक पान जास्त होतं.

मी आगुस्तीनकडे पाहिलं. तो अंगठ्यानं जमीन उकरत होता.

त्या पानावर बोस्त्यांव बसलेला, म्हातारा रेंदेर, आता सूर काढायला माडावर चढवत नाही त्याला. मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "मांय, हे पान कुणाचं?"

"आगुस्तीनला विचार."

"बापायचं," आगुस्तीन म्हणाला.

बोस्त्यांव हात टेकून उठला. "मी तुझ्या आज्याच्या नावानं जेवलोय, काकाच्या नावानं जेवलोय. पण रोझालीनची पेटी मी काखेत धरून नेली होती, बाबा. त्याच्या नावाचा घास मला गिळवणार नाही." आणि तो खांबाला टेकून उभा राहिला.

खरं सांगते, माझी छाती फुगली. मग नजर दाराकडे गेली. ओलिंदाचा चेहरा पांढरा पडला होता. बिननावाचं पान म्हणजे काय हे तिलाही ठाऊक. मीच तिला शिकवलेलं. उद्या तिचं लग्न आणि आज ते रिकामं पान तिच्यापुढं आ करून पडलेलं. उचलता येत नाही, आणि आता त्यावर बसायला कुणी तयार नाही. सगळ्यांचे हात मांडीवर. भाताची वाफ बसत चालली.

शेजारच्या पानावरून आंधळी पिएदाद बोलली, "कुणाचं का असेना, लौकर सांगा गे बायांनो. माझी कढी निवली."

"फादर," मी म्हटलं, "तुम्ही बसा."

"मी?"

"आशा तुम्ही ठेवलीत ना? मग पान पण तुम्हीच सांभाळा."

"मांय, फादरांना खाली, भिकाऱ्यांत..." आगुस्तीन पुढे झाला.

"तू मध्ये येऊ नकोस. पान मांडताना मला विचारलं होतंस?"

फादरांनी चपला काढल्या, झगा आवरला आणि बसले, पिएदादच्या शेजारी. तिनं चाचपून कोण ते बघितलं आणि सरकून जागा दिली. मी डाव भरला. ते वर माझ्याकडे बघत राहिले, हात मांडीवर.

"नाव, मांय."

"तुम्हाला ठाऊक आहे की."

"मी सांगून चालत नाही. घरच्या मोठ्या बाईनं सांगायचं."

चालीरीतीसुद्धा शिकून आला होता. मला डाव परत भांड्यात टाकावासा वाटला. घरात मी नवऱ्याला कायम 'तो' म्हणत आले. ते नाव तोंडात फिरवायचीही सवय राहिली नव्हती. ओलिंदा दाराची चौकट धरून उभी होती आणि तिचा बाप, माझा एवढा मोठा मुलगा, तोंड फिरवून डोळे पुसत होता.

मी भात वाढला.

"इनास," मी म्हटलं.

ओळीत सगळ्यांनी कपाळा-छातीवर क्रूस काढला. फादरांनी घास उचलला, तेव्हा मी डाव त्यांच्या हाताच्या आडवा धरला.

"थांबा. तुम्ही खोटं बोलत नाही, फादर, पण तुम्ही स्वस्तात बोलता. तो तरला तर तरू दे, मी काही दारात आडवी पडणार नाही. पण तुमची प्रार्थना वर पोचते म्हणता, तर त्याला एवढं कळवा. मी येईस्तोवर त्यानं माझ्या पोरीला उचलून घ्यायचं नाही. लांब उभं राहून बघायचं. आता जेवा, भात निवतोय."