पाचवा पाइप

राणोजीनं हयातीत पुष्कळ कामं बिघडवली असतील, पण नट ओवायच्या आधीच पाइपाचं तोंड फुलवण्याची चूक त्यानं वीस वर्षांत केली नव्हती. ती शिकाऊ माणसाची चूक. एकदा दोन्ही तोंडं फुलून पसरट झाली की नट कुठूनच आत जात नाही, आणि नट नसला की पाइप कुठं जोडायचा? एकसष्ट साली, आयुधपूजेच्या दिवशी दुपारी दोन वाजता, गाडीखाली उताणा पडलेला असताना ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. तो तसाच पडून राहिला आणि स्वतःला चार शिव्या घातल्या. त्याही तमिळमध्ये, कारण तंजावरच्या मराठ्याला प्रेम मराठीत करता येतं, पण शिव्या तमिळमध्येच बऱ्या जमतात.

गाडी पद्मनाभ रावांची होती. राव मद्रासमधल्या एग्मोरच्या रेल्वे कचेरीत मोठे हुद्देदार, राहायला सांथोमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यानं त्यांच्या जुन्या मॉरिसचे ब्रेकचे पाइप दोनदा गंजून गळले होते. शेवटी त्यांनीच हट्ट धरला, की आता पाइप एव्हरसिल्व्हरचे घाला. मद्रासेत स्टेनलेस स्टीलला एव्हरसिल्व्हर म्हणतात. घरात त्याचे तांबे आणि डबे असतात, गाडीत त्याचे पाइप कुणी पाहिले नव्हते. राणोजीनं मूर मार्केटात हिंडून युद्धातल्या विमानांच्या भंगारातला पाइप पैदा केला आणि पुदुपेटच्या आपल्या शेडमध्ये काम मांडलं.

हा धातू दिसायला देखणा, पण स्वभावानं हट्टी. वाकवताना घाई केली की चपटतो, तोंड फुलवताना जास्त ताणला की चिरतो. म्हणून हत्यार निवडायलाच राणोजीनं चार दिवस घेतले होते. वाकवायला त्यानं खाचेचं मोठं चाक असलेलं यंत्र घेतलं. लहान चाकावर पाइप मोडत होता. तोंड फुलवायची हत्यारं बाजारात दोन तऱ्हेची. मोटारवाल्यांचं हत्यार तोंड भरपूर पसरवतं आणि वर धोतराच्या काठासारखं आत दुमडून दुहेरी करतं. साध्या नरम पाइपाला ते उत्तम. विमानवाल्यांचं हत्यार तोंड थोडंसंच पसरवतं, एकदाच, दुमडत नाही. एव्हरसिल्व्हरला हेच हवं. राणोजी लढाईच्या काळात मीनंबाक्कमच्या विमानतळावर फिटर होता आणि तिथून निघताना त्यानं हे हत्यार पदरचे पैसे देऊन विकत घेतलं होतं. त्याला जुळणारे जोड लेथवाल्याकडून कातून घेतले, आणि पूजेच्या आदल्या दिवसापर्यंत एकेक करून पाच पाइप तयार केले. चार चोख बसले. पाचवा, पुढच्या डाव्या चाकाचा, बिननटाचा निघाला.

तोंड कापून पुन्हा करावं तर पाइप बोटभर आखूड पडत होता. नवाच करायला हवा होता. आणि विमानवाल्यांचं हत्यार त्या वेळी सरस्वतीच्या तसबिरीपुढं होतं.

आयुधपूजेला हत्यारं धुऊन पुसून देवापुढं मांडायची, गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही तिकडची रीत. हेमावतीनं, म्हणजे राणोजीच्या बायकोनं, सकाळीच शेडच्या कोपऱ्यात पाटावर, गाडीखालचे दोन पाने सोडून, सगळं मांडलं होतं. राणोजी त्या पाटापुढं दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्यानं हात पुढंही केला. पण त्याच्या बापानं एका वर्षी पूजेतला हातोडा उचलला होता आणि महिन्याच्या आत त्याची दोन बोटं यंत्रात गेली होती. ती तुटकी बोटं पाहतच राणोजी लहानाचा मोठा झाला. त्यानं हात मागं घेतला. त्याला भीती वाटली, दुसरं काही नाही.

शेजारच्या शेडमधल्या आंथोनीसामीची हत्यारं कुठल्या पूजेत नव्हती. त्याच्याकडं मोटारवाल्यांचं हत्यार होतं. देताना तो म्हणाला, की हे साध्या पाइपासाठी आहे, एव्हरसिल्व्हरचं मी काही सांगू शकत नाही. राणोजीनं ऐकून घेतलं. आधी एका तुकड्यावर तोंड करून पाहिलं. नजरेला तरी ठीक दिसलं. मग आंथोनीसामीच्याच शेडमध्ये नवा पाइप केला, नट आठवणीनं आधी ओवला. गाडीचा मूळचा पितळी जोड त्या तोंडाला असा चपखल बसला की राणोजी त्यालाच भुलला. ब्रेक दाबून पाहिला, तेलाचा थेंबही गळला नाही.

संध्याकाळी राव गाडी न्यायला आले. पहाटे ते आणि त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मी तिरुपतीला निघणार होते. राणोजीच्या पाच वर्षांच्या मुलीला, भवानीला, उन्हाळ्यात विषमज्वर झाला होता, तेव्हा हेमावतीनं तिचे केस तिरुपतीच्या डोंगरावर, तिरुमलेला, देण्याचा नवस बोलला होता. रावांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले, मागचं बाक रिकामंच आहे, दोघींना पाठवा. राणोजीला धन्य वाटलं. पहाटे पाच वाजता त्यानं स्वतः भवानीला उचलून गाडीत बसवलं.

सकाळी आठला तो हत्यार परत करायला गेला. कालचा नमुन्याचा तुकडाही हत्याराच्या डब्यात राहिला होता. आंथोनीसामीनं तो उन्हात धरून पाहिला. तुकडा त्यानं रॉकेलात बुडवला, पुसून कोरडा केला आणि तोंडावर खडूची भुकटी फासली. चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. दोघं बघत उभे राहिले. आधी एक रेघ उमटली. मग दुमडीवर सबंध गोल उमटला.

पाचव्या पाइपाचं तोंड ह्याच हत्यारानं, ह्याच हातानं केलं होतं. त्या काळच्या गाडीत चारी चाकांच्या ब्रेकचं तेल एकच. एक पाइप गेला की चारी चाकं गेली. सपाट रस्त्यावर ब्रेक कितीसा दाबतो माणूस? पण तिरुमलेचा घाट उतरताना वळणावळणाला दाबावा लागतो.

आंथोनीसामीनं न विचारताच मोटारसायकलची किल्ली पुढं केली. राणोजी पळत शेडमध्ये आला. विजयादशमीची पूजा अजून व्हायची होती, तरी पाटावरचं विमानवाल्यांचं हत्यार त्यानं उचललं, कुंकवासकट पिशवीत टाकलं, जोडीला कातलेले जोड आणि पाइपाचा तुकडा. काल ज्याला हात लावायचं धाडस झालं नव्हतं, ते आज त्यानं पान्यासारखं उचललं.

नव्वद मैलांचा रस्ता. उत्तुकोट्टै गेलं, नागलापुरम गेलं, त्यातलं त्याला पुढं काहीच आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की रस्त्याकडेला कुठं माणसांचा घोळका दिसला की तो त्या घोळक्यात एक मॉरिस शोधायचा. पुत्तूरच्या अलीकडं एक बैलगाडी उलटली होती. माणसं बैलाला उठवत होती. राणोजीला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच्या बैलावर हायसं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. वाटेत तो देवाशी बोलत होता. हत्यार उचललंय, त्याची शिक्षा माझ्या बोटांना कर, दोन काय दहा घे, असं तो मोठ्यानं म्हणत होता. वाऱ्यात त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

घाटाच्या पायथ्याशी फाटक होतं. रस्ता अरुंद, म्हणून खालून वर सोडत तेव्हा वरच्या गाड्या अडवत, आणि वरून खाली सोडत तेव्हा खालच्या. राणोजी पोचला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि साखळी लागलेली होती. फाटकावरचा माणूस तेलुगू बोलणारा. राणोजीनं त्याला तमिळमध्ये सांगितलं, हातवारे केले, शेवटी पाय धरले. तो भला माणूस होता, पण समोरून बस येत असताना तो कुणाला वर सोडणार? त्यानं राणोजीला पाणी दिलं आणि अर्धा तास थांबायला सांगितलं. काळ्या मॉरिसचं विचारलं तर म्हणाला, सकाळी नऊला वर गेली, अजून उतरलेली नाही. राणोजीनं साखळी ओलांडून चालत वर जायचंही करून पाहिलं. त्या माणसानं दंड धरून त्याला मागं आणलं आणि एका दगडावर बसवलं.

म्हणजे ती आता उतरत असेल. ह्या क्षणाला, कुठल्यातरी वळणावर.

तो अर्धा तास राणोजीनं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. वरून गाडीचा आवाज आला की तो उभा राही. बस आली. एक लॉरी आली. मुंडण केलेल्या माणसांनी भरलेली एक मोठी गाडी आली. तिच्या ड्रायव्हरला त्यानं विचारलं, वर काळी मॉरिस दिसली का. तो म्हणाला, मागं आहे, हळू येतेय. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायला, म्हणजे ब्रेक फार दाबावा लागत नाही, आपणच रावांना शिकवलं होतं, हे राणोजीला आठवलं. तेवढाच एक आधार होता. तो पोरीचं नाव पुटपुटत उभा राहिला, मग तेही थांबवलं, कारण नाव घेतलं की डोळ्यांपुढं ती पहाटेची झोपाळू भवानी येत होती.

आणि शेवटच्या वळणावरून मॉरिस आली. हळू, सुरळीत, आपल्या चाकांवर. घाट संपला होता. आता फाटकापर्यंत तेवढा सौम्य उतार उरला होता. मागच्या बाकाच्या खिडकीत भवानीचा चंदन फासलेला पिवळा गोटा दिसला.

इथं राणोजीनं गप्प बसायला हवं होतं. गाडी आपसूक फाटकाशी येऊन थांबली असती. पण ती सबंध सकाळ त्याच्या अंगातून उसळून वर आली आणि तो साखळीखालून वाकून थेट रस्त्याच्या मधोमध धावला, दोन्ही हात वर करून, गाडी थांबवा म्हणून ओरडत. रावांना वळणावरून एकाएकी समोर माणूस दिसला. त्यांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. सगळा जोर पायात घालून ब्रेक दाबला.

घाटभर जेवढा दाबला गेला नव्हता तेवढा तो तेव्हा दाबला गेला. पुढच्या डाव्या चाकाशी तेलाची पिचकारी उडालेली राणोजीला स्पष्ट दिसली. रावांचा चेहरा काचेमागं बदललेला दिसला. पाय थेट तळाला गेलेल्या माणसाचा चेहरा. गाडी थांबली नाही. ती त्याच्याकडं येत राहिली, आणि हे आपणच ओढवून घेतलं हे त्याला तेवढ्यातही कळलं. त्याचे पाय हलेनात. रावांनी हँडब्रेक ओढला आणि चाक वळवलं. गाडी राणोजीच्या कोपराला घासून रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात नाकापर्यंत घुसली.

भवानी रडायला लागली. तो आवाज ऐकून राणोजी मटकन खाली बसला. रडतेय म्हणजे आहे.

सगळी बाहेर आली. सीतालक्ष्मींच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, हेमावतीचं मनगट खरचटलं होतं. भवानीला काहीच झालं नव्हतं, ती नुसती घाबरली होती. राव राणोजीजवळ आले, त्याला दंडाला धरून उठवलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वर घाटांत फुटता तर कोणी वांचते नाहीं,” ते म्हणाले. “देवानेंच धाडलें तुम्हाला इथें, राणोजीराव.”

राणोजी गप्प बसला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. अजून त्याला कुणी दोष देत नव्हतं. पण त्याच्यानं राहवलं नाही.

“देवानें नाहीं, राव. पांचवा पाइप मी चुकीच्या हत्यारानें केलों. बरोबरचें हत्यार पूजेंत होतें. उचलायला भ्यालों.”

फाटकाची साखळी काढली गेली, थांबलेल्या गाड्या एकेक करून वर निघाल्या. मग राव अगदी हळू आवाजात म्हणाले, “हत्यार उचलायला भ्यालां. आणि ह्या लेकराला उचलून गाडींत बसवायला नाहीं भ्यालां?”

“नाहीं,” राणोजी म्हणाला. “तेव्हां भ्यालों नाहीं.”

हेमावती शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. भवानी तिच्या खांद्यावरून बापाकडं झेपावत होती, म्हणून राणोजीनं तिला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. हेमावतीनं एक पाऊल मागं घेतलं आणि पोरीला पदराखाली घट्ट धरून ठेवलं.