शांतवनचं पाणी

धुरपदाबाईंनी चादर पुन्हा उकलली, खिडकीच्या उजेडात धरून डाग शोधला आणि पुन्हा घडी घातली. डाग नव्हताच. चादर कोरी होती, पांढरी आणि जाड, लेकीनंच कळंबच्या बाजारातून आणलेली. शेततळ्यातून वर आल्यावर दीपमालाच्या अंगाभोवती ती आईनं गुंडाळायची, असं ठरलं होतं. लेक आता ज्या चर्चमध्ये जाते, त्या मंडळीत तशी रीतच आहे. बुडवून बाप्तिस्मा झाला की ओल्या माणसाला काठावर त्याच्या घरचं कुणीतरी कवेत घेतं. घरचं माणूस म्हणून दीपमालानं आईचं नाव सांगितलं होतं आणि आईनं फोनवर बरं म्हणून टाकलं होतं. फोनवर माणूस काहीही कबूल करून बसतं.

आत दीपमाला केसांना घट्ट पीळ देत होती. कृष्णराज, जावई, दारात उभा राहून सासूबाईंची समजूत घालत होता. पाणी फक्त छातीपर्यंतच आहे, दोर बांधलाय, पास्टर स्वतः धरणार आहेत. त्याचंही बरोबर होतं म्हणा. दीपमाला लहानपणापासून पाण्याला भिते. अजूनही न्हाताना ती डोक्यावर एकदम पाणी घेत नाही. वाकून, मग्यानं थोडं थोडं ओतते. म्हाताऱ्या आईला त्याचीच धास्ती असणार, असं कुणालाही वाटलं असतं. धुरपदाबाईंनीही ते तसंच वाटू दिलं.

खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती.

दीपमाला एकटी जन्मली नव्हती. तिच्या पाठोपाठ एक मुलगाही आला होता, ओंजळीत मावेल एवढा. ढोकीला कारखान्याच्या चाळीत घर होतं, गाळपाचा हंगाम होता आणि उसाच्या गाड्यांनी रस्ता भरला होता. त्यातून वाट काढत नवरा चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन आला. मुलाकडे बघूनच पाळकसाहेबांनी टोपी काढली. रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. बाजेशेजारी बसून त्यांनी घरातल्याच तांब्यात पाणी घेतलं, प्रार्थना केली आणि दोन्ही लेकरांच्या टाळूवर शिंपडलं. मुलगी किंचाळली. मुलगा गप्प राहिला. एक थेंब त्याच्या कानात ओघळला, तो धुरपदाबाईंनी पदराच्या टोकानं टिपला. त्याचं नाव ठेवलं शांतवन. उजाडायच्या आत तो गेला.

बाई, लेकरू मंडळीचं झालंय, प्रभूनं त्याला नावानं ओळखलंय, असं पाळकसाहेब म्हणाले होते. त्या एका वाक्यावर धुरपदाबाईंनी पुढचे सगळे दिवस काढले. चर्चमागच्या कबरस्थानात त्याचा छोटा दगड आहे. तो दर पावसाळ्यात कलतो आणि दर नाताळात त्या तो सरळ करतात. आपल्याला एक भाऊ होता, एवढंच दीपमालाला ठाऊक होतं.

लग्न होऊन ती कळंबला आली ती कृष्णराजच्या मंडळीत. तिथं शिंपडलेल्या पाण्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. पास्टर बसवेश उमरग्याकडचे, बोलायला गोड, कुणाला टाकून बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. पण शास्त्र ते शास्त्र. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि तोही पूर्ण बुडवून. तान्ह्या लेकरावर पाणी शिंपडणं ही आईबापाची माया झाली, बाप्तिस्मा नव्हे, असं ते हसतमुखानं सांगत. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनही नाही. भाकर आणि प्याला दीपमालासमोरून शेजारणीकडे जायचा आणि ती मांडीवर हात ठेवून बसायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

"आई, पंगतीत बसून उपाशी उठल्यागत वाटतंय गं," असं ती एकदा म्हणाली होती.

त्यावर आईनं काय बोलावं? ढोकीच्या चर्चमधले कारभारी वडीलधारे मात्र भरपूर बोलले. बाप्तिस्मा एकदाच असतो, दुसऱ्यांदा घेणं म्हणजे देवाचा पहिला शब्द खोटा पाडणं, आणि असंच बरंच काही. धुरपदाबाईंना त्यांचाही राग आला. लेक उपाशी उठते, ते या शहाण्यांना दिसत नव्हतं. पण चिडून घरी आल्या, चुलीपुढे बसल्या आणि तेव्हाच तो विचार मनात आला. तांब्या एकच होता. हातही एकाच पाळकसाहेबांचा. दीपमालाचं पाणी खरं नव्हतं, तर शांतवनचं कुठून खरं असणार? ती पुन्हा पाणी घेईल. त्यानं कुठं जायचं?

शेततळं गावाबाहेर मंडळीतल्याच एकाच्या रानात होतं. चहूबाजूंनी हरभरा, मधे काळ्या प्लास्टिकचा उतार आणि खाली हिरवट पाणी. मंडळी काठावर टाळ्या वाजवत गात होती. आधी एका तरुणाची पाळी होती. तो उतारावर पाय टेकतो न टेकतो तोच सर्रकन घसरला आणि वेळेआधीच पाण्यात गेला. सगळे हसले, पास्टरही हसले. मग त्यांनी त्याला उभं करून रीतसर बुडवलं.

तो वर आल्यावर पास्टर दम खायला काठावर बसले. दोरापाशी उभी राहून दीपमाला पायाच्या अंगठ्यानं पाणी चाचपत होती. धुरपदाबाई चादर छातीशी धरून पास्टरांजवळ गेल्या. आता नाही विचारलं तर कधीच विचारणं होणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"पास्टर, हिच्यासंगं आणखी एकाला देता का बाप्तिस्मा?"

पास्टरांचा चेहरा खुलला. "तुम्हाला घ्यायचाय, मावशी?"

"मला न्हाय. माझ्या लेकाला." त्या थांबल्या. "त्यो गेला. हिच्याच जोडीला जन्मला हुता. दोघांवर एकाच तांब्यातलं पाणी पडलं. तुमी म्हणता ते खरं न्हाय, तर ही पुन्हा घेतीय. त्येनं कसं घ्यावं? म्या जाते पाण्यात. बुडवा मला, पर नाव त्येचं घ्या. शांतवन."

पास्टर बसवेश उठून उभे राहिले. त्यांच्या पँटमधून पाणी निथळत होतं. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं.

"मावशी, एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याला घेता येत नाही. ज्याचा त्यानंच घ्यायचा असतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि लेकरांना त्याची गरजच नसते. ती देवाजवळच असतात. तुम्ही नका घोर लावून घेऊ."

त्यांनी ते मनापासून सांगितलं. धुरपदाबाईंना तेही दिसलं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"त्येला गरज नसंल, पास्टर. मला हुती. पाणी घातलं म्हणून त्या रातीला म्या त्येला हातातनं खाली ठिवू शकले. आता ते पाणीच न्हवतं म्हणल्यावर माझ्याजवळ त्येचं काय ऱ्हातंय?"

प्रार्थना करू, एवढंच पास्टर म्हणाले आणि उतारावरून सावकाश पाण्यात गेले. मंडळीनं पुढचं गाणं धरलं.

दीपमालानं कानातली फुलं काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली. तिचे हात गार पडले होते. तिनं किती ऐकलं, काय ऐकलं, धुरपदाबाईंना उमगेना. विचारायची हिंमतही होईना. लेकीच्या सुखाच्या दिवशी आपण हे काय काढून बसलो, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई," कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू दीपमाला म्हणाली, "पाणी आधी कुणावर घातलं हुतं? माझ्यावर का त्याच्यावर?"

"तुज्यावर," धुरपदाबाई म्हणाल्या. "मग त्येच्यावर."

दीपमालानं मान हलवली आणि दोर धरला.

ती एकेक पाऊल टाकत उतरली. पाणी कमरेला लागलं तसं तिनं डोळे मिटून घेतले, छातीला लागलं तसा कृष्णराजनं काठावरून धीर दिला. आता साक्ष द्यायची होती. दीपमालासारखे दुसऱ्या चर्चमधून आलेले सगळे जण इथं म्हणत, की माझ्यावर लहानपणी पाणी शिंपडलं होतं, पण ते काही खरं नव्हतं. धुरपदाबाई त्याच वाक्याची वाट बघत होत्या. चादरीची घडी त्यांच्या बोटांखाली चुरगळली.

"प्रभूवर माझा विश्वास आहे," दीपमाला म्हणाली आणि थांबली. पास्टर थोडा वेळ वाट बघत राहिले. ती पुढे काही बोलली नाही.

मग त्यांनी तिच्या नाकाशी रुमाल धरला, दुसरा हात पाठीला लावला आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. ती वर आली तेव्हा तिला ठसका लागला होता, चेहरा पांढराफटक पडला होता आणि दोन्ही हात काहीतरी धरायला हवेत चाचपडत होते. काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. हालेलुया म्हणत कुणीतरी डफ वाजवू लागलं. पास्टरांनी तिला दोराकडे वळवून हात सोडला.

दीपमालानं दोर धरला नाही. तिनं तोंडावरचे केस मागे सारले, आईकडे पाहिलं, आपल्याच हातानं नाक दाबलं आणि खाली गेली.

पाणी तिच्या डोक्यावर मिटलं. डफ थांबला. पास्टर झेपावले, कृष्णराज ओरडत उतारावर धावला. पण त्यांचे हात पोचायच्या आत ती स्वतःच वर आली, डोळे उघडे ठेवून. या खेपेला तिला ठसका लागला नाही.

पास्टर बसवेश तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वळून काठावर पाहिलं. धुरपदाबाई चादर धरून उभ्या होत्या. पास्टरांनी दीपमालाचा हात धरून तो दोरावर ठेवला आणि पुढच्या माणसाला थोडं थांबायला सांगितलं.

काठावर बायका आपापसात बोलू लागल्या, हे प्लास्टिकच वाईट, मघाशी तो पोरगाही असाच गेला, बाईचा तर जीवच गेला असता. गाणं पुन्हा सुरू झालं.

दीपमाला वर आली ती थडथड कापत. धुरपदाबाईंनी चादर उलगडली आणि तिच्यासकट सगळं ते ओलं ओझं छातीशी घेतलं. त्यांना रडू आवरेना आणि आवरायचंही नव्हतं. त्याचं नाव इतकी वर्षं एकट्या त्यांच्याच तोंडी राहिलं होतं. लेकीच्या कानात पाणी गेलं होतं. ते त्यांनी पदराच्या टोकानं टिपलं, एका कानातलं आणि मग दुसऱ्या कानातलंही.

कृष्णराज धापा टाकत आला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"पाय घसरला ना तिचा, मामी?"

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या. "लई निसरडं हाय तिथं."