खिंड पाहून आलेला घोडा

थोरले दीर घोडा द्यायला एका शब्दात तयार झाले, तिथेच शायिरच्या मनात पाल चुकचुकली.

काल हेच एसेंगुल अंगणात उभे राहून ठासून सांगत होते, "बर्फात घोडा घालायचा म्हणजे पोरखेळ नव्हे. आधी मी खिंड बघून येतो, मग बोलू." काल आभाळ काचेसारखं लख्ख होतं. आज खिंडीवर करडा ढग बसलाय, आणि हे म्हणतात, "जा की! रस्ता मोकळा आहे. या डोळ्यांनी बघून आलोय."

खिंडीपलीकडे, हिवाळी तळावर, तिची दहा महिन्यांची चिनारा सासूजवळ होती. आपली आई वारल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणासाठी शायिर दोन दिवसांकरता म्हणून खाली गावात आली होती. पोरीला खोकला, म्हणून तिला घरीच ठेवून. त्याच रात्री बर्फ पडलं, गाड्या थांबल्या. आज पाचवा दिवस. छाती दगडासारखी दाटायची. मग ती गोठ्याच्या भिंतीआड जाऊन दूध बर्फात पिळून टाकायची. पांढऱ्यावर पांढरं, कुठे पडलं तेही दिसायचं नाही.

घोडा मिळतोय म्हटल्यावर तिनं खरं तर धावत सुटायला हवं होतं. पण पाय उचलेना.

"उभी काय राहिलीस?" बातमा, तिची थोरली जाऊ, रोट्या फडक्यात बांधत म्हणाली. "काल दिवसभर कुडकुडले ते त्या खिंडीत. तुझ्यासाठी."

"दिवसभर? जाऊन यायला चार तास पुरे होतात, जाऊबाई."

"बर्फ होतं ना गं."

"रस्ता मोकळा म्हणाले ना?"

बातमाला एकदम चुलीवरचा चहा आठवला.

थोरल्या दिराचं नाव तोंडातून काढायचं नाही, त्यांना उलट विचारायचं नाही, ही घरची रीत शायिर सहा वर्षं पाळत होती. त्यांना विचारता येत नाही, पण घोड्याला बघता तर येतं. ती दिरांच्या घोड्याकडे, तोरूकडे गेली.

खुंटाला मान उंच बांधलेला, पुढ्यात गवताची काडी नाही. घामाघूम झालेला घोडा असाच उपाशी निववतात. पाठीवर पहाटेचं बर्फ न वितळता बसलं होतं, म्हणजे अंग निवलेलं होतं. पण पोटाखाली, पुढच्या पायांच्या बेचक्यात केसांच्या गुठळ्या झालेल्या. घाम वाळून मीठ धरलेलं. बरगडीवरून हात फिरवला तर तोरूनं कातडी थरथरवली. तिथे चाबकाचा वळ होता.

रस्ता मोकळा असेल तर एवढा घाम कशाला? आणि बर्फ पोटापर्यंत असेल, तर रस्ता मोकळा कसा?

तिनं एक खूर उचलला. बर्फात जाताना तळव्याला मेंढीची चरबी चोपडतात, नाहीतर नालेत बर्फाचे गोळे धरतात आणि घोडा खडावा घातल्यासारखा लटपटतो. इथे चरबीचा मागमूस नव्हता. गोठलेला चिखल आणि गवताचा चुरा तेवढा होता. मग ती ओसरीवरच्या खोगिराकडे वळली. डाव्या रिकिबीच्या पट्ट्यात लांब, राठ, पांढरे केस अडकले होते.

बकऱ्याचे.

गावाच्या खालच्या अंगाला काल लग्न होतं, नदीकाठच्या मैदानावर खेळ होता. मेलेल्या बकऱ्यासाठी पन्नास-पन्नास स्वार झोंबतात, ज्याच्या हाती लागेल तो ते धड मांडीखाली दाबून घोडा पळवतो. नदी गावाच्या या टोकाला, खिंड त्या टोकाला.

आधी संताप आला. मग संतापाच्या मागून काहीतरी गार सरकत आलं. खिंड कुणीच बघितलेली नव्हती. ती तळावर आणखी उशिरा पोचली तर सासूबाई विचारतील, काल आभाळ लख्ख असताना का नाही निघालीस? आज पोचली की सगळं बर्फावर ढकलता येईल. म्हणून ही घाई.

"काय गं, चढवू खोगीर?" एसेंगुल हात चोळत आले.

शायिरनं घोड्याच्या कानाशी तोंड नेलं. आवाज मात्र अंगणभर जाईल असा.

"काय रे तोरू, काल खिंडीत बकऱ्या चरत होत्या का? आणि खुरांना चरबी न लावता कसा रे चढलास? बरगडीवर चाबूक कुणी मारला, वाऱ्यानं?"

"घोड्याशी काय बोलतेस?"

"मग कुणाशी बोलू, भावजी? खिंड त्यानंच बघितलीय ना."

एसेंगुलनी टोपी वर सरकवली, पुन्हा खाली ओढली. "एकच डाव खेळलो," ते म्हणाले. "दरवर्षी खिंड उघडीच असते. मला वाटलं…"

"खेळायला जाऊ नका, मी सांगितलं होतं!" खिडकीतून बातमाचा आवाज आला.

"तोरू इथेच राहील," शायिर म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याकडे सरळ बघून बोलत होती. "शेजाऱ्यांच्या दोन घोड्या आणा. तुम्ही पुढे, मी मागे."

त्यांनी घोड्या आणल्या. खुरांना चरबीही स्वतःच चोळली. शायिरनं तरी आठही खूर उचलून पाहिले.

चढणीवर ते गुणगुणायला लागले तेव्हाही ती त्यांच्या पाठीवरून नजर काढेना. माणूस खोटं पचलं की गुणगुणतो, तिला वाटलं.

उताराच्या कडेनं जाणारी नेहमीची वाट आली, तशी पुढची घोडी थांबली. एसेंगुलनी टाच मारली. घोडीनं कान मागे पाडले, पण पाऊल टाकलं नाही. ते उतरले, काठी बर्फात खुपसली. काठी गेली, मनगट गेलं, कोपर गेला. तेवढ्यात खाली कुठेतरी जाड कापड फाटल्यासारखा आवाज झाला, आणि समोरचा उतार वाटेसकट, अगदी सावकाश, दरीत निघून गेला.

एसेंगुल मटकन खाली बसले. "तू एकटी असतीस तर…"

"उठा," शायिर म्हणाली. तिचे दात वाजत होते. "डोंगराच्या धारेवरून जाऊ. वाऱ्यानं तिथलं बर्फ उडवलंय. पाठीवर बसायचं नाही, घोड्यांचे लगाम हातात धरून चालायचं."

तळावर पोचले तेव्हा सासूबाई चिनाराला शालीत गुंडाळून दारातच उभ्या होत्या. शायिरच्या पापण्यांवर बर्फ, तोंडावर गोठलेला रुमाल. पोरीनं एकदा बघितलं आणि आजीच्या मानेत तोंड खुपसलं.

शायिरनं हात पुढे केले नाहीत. हातमोजे काढून बोटं काखेत धरली, आणि थांबली.

"इतके दिवस?" सासूबाई म्हणाल्या. "आणि तोरू कुठाय?"

"आई, बर्फ फार…" एसेंगुलनी सुरुवात केली आणि भावजयीकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. ती शालीतून बाहेर आलेल्या एका डोळ्याकडे बघत होती, आणि तो डोळा तिला कसून तपासत होता.

"खेळायला गेलो होतो, आई," ते हळूच म्हणाले.

सासूबाई काहीतरी मोठ्यानं बोलायला लागल्या. चिनाराचा एक हात शालीतून निघाला, आईच्या रुमालाची गोठलेली झालर त्यानं पकडली, ओढली, आणि चव बघायला तोंडात घातली.