शेखरने आणलेला पत्रा

मी टिनाचा पत्रा बोलतोय. तिवस्याच्या टोकाला शकुनबाईंचं दोन खोल्यांचं घर आहे. गेल्या महिन्यापर्यंत मी त्याच्या छपरावर होतो. आता अंगणात, भिंतीला टेकून उभा आहे.

माझं आधीचं आयुष्य वरूडला गेलं, संत्री भरायच्या शेडवर. ती शेड मोडली तेव्हा शेखरने मला जुन्यात विकत घेतलं, ट्रॅक्टरवर टाकून आणलं आणि आईला म्हणाला, "टिन जुना आहे, पण जाड आहे. तुह्या जिंदगीले पुरते." शेखर शकुनबाईंचा थोरला, नितेश धाकटा. तिघं मिळून भाजी पिकवायची आणि बाजारात विकायची.

मागच्या वैशाखात वादळ आलं. माझा एक हूक सुटला नि मी फडफडू लागलो. मला दाबायला शेखर वर चढला, माझ्यावर गुडघे रोवून बसला. वारा खालून शिरला. मी त्याच्यासकट उडालो. मी सापडलो वांग्याच्या वाफ्यात, तो विहिरीच्या दगडांवर.

तेरवी झाल्यावर नितेशने मलाच पुन्हा वर चढवलं. दादाने आणलेला टिन, दुसरा नको, असा हट्ट.

पत्रा उन्हात तापतो आणि सांजेला निवताना टण् टण् वाजतो. सगळेच वाजतात. पण शकुनबाई तव्यावरची भाकर तशीच सोडून वर बघत राहायच्या. पावलंच वाटायची ती. नितेश म्हणायचा, "दादा, उतर ना आता." मला तोंड असतं तर सांगितलं असतं, वर कोणी नाही रे, मीच आहे.

जरा वारा सुटला की तो आईला धरून बाहेर आणायचा. दादा गेला, आता छप्परही गेलं तर हिला ठेवू कुठं, हा एकच घोर. म्हणून त्याने घराचा विमा काढायचं मनावर घेतलं. दिवस असे, की कोथिंबीर कोणी फुकट नेईना. स्वस्तातला विमा हुडकायला तो माझ्याखाली बसून फोन लावायचा. एकाने टिनाचं छप्पर म्हटल्यावरच नको म्हटलं. दुसऱ्याच्या विम्यात आग होती, चोरी होती, वादळ नव्हतं. "आमच्या घरी चोराले काय भेटन? वादळाचं बोला ना," म्हणत नितेशने फोन बाजेवर आपटला. शेवटी अमरावतीचा रोहित नावाचा एजंट घर बघायला आला. त्याच्याकडे परवडेल असा एक होता.

रोहितने फोटो काढले. मग विचारलं, आधी वादळात काही नुकसान झालं होतं का? आणि हळूच सुचवलं, नाही म्हणा, हप्ता कमी बसेल.

चुलीपुढे शकुनबाईंचा हात थांबला. नितेशचे ओठ हलले, पण 'नाही' काही निघेना.

"झालं," तो म्हणाला. "माहा भाऊ गेला."

"तसं नाही भाऊ, मी घराचं विचारून राहिलो."

"मी बी घराचंच सांगून राहिलो."

रोहितने खरं तेच लिहून घेतलं. हप्ता वाढला. शकुनबाई म्हणाल्या, भरू, दुपारचा चहा बंद करू. अट एकच पडली. वाकलेला, सैल झालेला पत्रा, म्हणजे मी, बदलायचा.

नितेश अडून बसला. तेव्हा त्याची आईच म्हणाली, "टिन आहे बाबू तो. शेखर नाही."

माझ्या जागी नवा पत्रा आला, घट्ट आवळलेला. विमाही झाला.

मला मात्र नितेश सोडत नाही. भंगारवाला आला, तर त्याला हाकलून दिलं. रोज माझ्याजवळ बसतो, अंगावरून हात फिरवतो. मला दोरी बांधलेली नाही, माझ्यावर दगड नाही. हे त्याच्या ध्यानातच येत नाही. माझ्याच आडोशाला तो आईची बाज टाकतो.

नितेश, पश्चिमेकडचं आभाळ पिवळं पडून राहिलं आहे. मला विकून टाक. आजच दे. सुटा पत्रा वाऱ्यात काय करतो, हे तुझ्या घराला कोणी सांगायला नको.